मातीच्या हौदावरचा हात

१. दाढ

गावातल्या सगळ्यांचे दात उपटणाऱ्या माणसाची स्वतःची दाढ मोडली ती भर दुपारी, जेवता जेवता, वाटाण्याच्या रश्श्यात.

'कट्' असा आवाज झाला. पक्कडराव घास तोंडात धरून थिजले. हा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता, पण दर वेळी दुसऱ्याच्या तोंडातून.

"वाटाणा कच्चा राहिला का हो?" बायकोने विचारलं.

पक्कडरावांनी तोंडात बोट घातलं आणि दोन वस्तू काढून ताटाच्या कडेला ठेवल्या. एक त्यांच्याच दाढेचा कोपरा. दुसरी विटकरी रंगाची, नखाएवढी चपटी खपली.

"वाटाणा नाही," ते गाल धरून म्हणाले. "भांडं. तुझं भांडं चावलं मी."

"भलतंच काहीतरी! नवं कोरं भांडं आहे ते."

बायकोने रस्सा दुसरीकडे ओतून भांडं उजेडात धरलं आणि तिचा चेहरा पडला. आतल्या गुळगुळीत झिलईवर जागोजाग खळगे पडले होते. ती बघते आहे तोवर आणखी एक खपली आपोआप सुटली आणि टिंग करून जमिनीवर पडली. कुणी बोटही लावलं नव्हतं.

त्या काळी स्वयंपाक व्हायचा तो मातीच्याच भांड्यांत. दूध तापवायला पसरट, रस्सा शिजवायला पोट सुटलेलं, तेलाला उंच मानेचं, तुपाला बुटकं. तांब्याचं भांडं ज्याच्या घरी असे, तो ते चुलीवर न चढवता खिडकीत मांडून ठेवी. आणि भांडं घ्यायचं तर थोरल्या कुंभाराचं, हे गावात पोराबाळांनाही ठाऊक होतं. त्याचं झाकण असं बसायचं की वाफेलासुद्धा वाट विचारावी लागे.

तेच भांडं आता चुलीवर कात टाकत होतं.

बायको भांडं घेऊन शेजारी गेली, तर शेजारीण तसंच भांडं घेऊन तिच्याकडेच निघाली होती. पलीकडच्या घरात दुधात खपल्या, त्याच्या पलीकडे तुपात. गल्लीभर बायका दारात येऊन भांडी उपडी करत होत्या.

तेवढ्यात थोरल्या कुंभाराची बायको आली. गावात तिला 'थोरली' म्हणत. ती चालू लागली की समोरची माणसं आपोआप बाजूला होत. तिच्या कडेवर लोकांनी परत केलेल्या भांड्यांची टोपली होती. ती तिने पक्कडरावांच्या ओट्यावर दाणकन आदळली.

"पंच आहेत का घरात?"

पक्कडरावांना कुठेतरी लपावंसं वाटलं. बाजाराचा पंच दर वर्षी बदले. दुकानदारांत पाळी लागलेली असे, आणि यंदा ती दात काढणाऱ्यावर आली होती. गेल्या वर्षीचा पंच न्हावी होता. तो फिर्यादी दाढी करता करता ऐकायचा आणि टॉवेल झटकता झटकता विसरायचा. पक्कडरावांचाही बेत काही वेगळा नव्हता.

"कुणीतरी आमच्या मातीत काहीतरी कालवलंय," थोरली म्हणाली. "कुणी, तेही सांगते. भिंतीपलीकडच्याने. माझ्या सख्ख्या दिराने! आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

२. पांढरा ठिपका

बाजाराचा नियम सरळ होता. दुसऱ्याचा माल जो नासवेल, त्याची बाजारातली जागा जाईल आणि त्याला गाव सोडावं लागेल. हा नियम कुणाला लावायची वेळ आजवर आली नव्हती. 'नेमकी माझ्याच वर्षी यायची होती,' असं पुटपुटत पक्कडराव थोरलीमागून कुंभारवाड्याकडे निघाले. जीभ सारखी मोडक्या दाढेकडे जात होती.

थोरले कुंभार अंगणातल्या हौदात गुडघाभर मातीत उभे राहून माती तुडवत होते. इतकं वय झालं तरी हे काम ते कुणालाही करू देत नसत. माती चाळून, भिजवून हौदात घ्यायची आणि मग पायांनी मळायची, ती अगदी लोण्यासारखी होईपर्यंत. पक्कडराव आले तेव्हा ते एका पायावर उभे राहून दुसऱ्या तळव्यातून काहीतरी उपटत होते.

"काडी!" ते ओरडले. "गवताची काडी! त्या गाडीवानाला माती आणायला सांगितली की कुरण आणतो!" आणि त्यांनी ती एवढीशी काडी रस्त्यावर भिरकावली.

"जरा बाहेर या. पंच आलेत," थोरली म्हणाली. "आणि तुमची पेज निवतेय."

थोरल्यांना मध्यंतरी गळवं झाली होती. वैद्याने सांगितलं, अंगात उष्णता फार. तेव्हापासून तिखट बंद, मासे बंद, अंडी तर साफ बंद. तिन्ही त्रिकाळ पेज. पथ्य पाळवून घ्यायला थोरली बसलेली होती. नवऱ्याचे खिसे, उशीखालची जागा, केराची टोपली, सगळं ती रोज तपासत असे. एवढं करून थोरले मात्र चांगले गुटगुटीत दिसत होते. 'पेज मानवलेली दिसते,' पक्कडरावांच्या मनात आलं.

त्यांनी टोपलीतलं एक भांडं उचललं, खिशातली दात कोरायची बारीक सळई काढली आणि सवयीने एका खळग्यात घातली. किडकी दाढ तपासावी तसं एक डोळा मिटून पाहिलं. खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. दुसऱ्या खळग्यातही होता. जितके खळगे, तितके ठिपके. सळईने टोकरल्यावर पिठासारखी पूड निघाली. त्यांनी ती जिभेला लावली आणि लगेच थुंकली.

"चुना!"

"बघा!" थोरलीने टाळी वाजवली. "धाकट्यांनी गेल्या महिन्यातच दुकानाला सफेदी दिलीय. चुन्याचं पोतं अजून त्यांच्या अंगणात आहे."

"चुन्याचा कण मातीत राहिला की असंच होतं," थोरले हळूच म्हणाले. "भट्टीतून भांडं चांगलं निघतं, वाजवलं तर खणखणतं. मग स्वयंपाकघरातली ओल लागली की कण आतल्या आत फुगतो आणि वरची खपली उडवतो. पण होतं असं कधीकधी. मातीतच खडे असतील."

"माती तर एकाच गाडीवानाची," थोरली म्हणाली. "नदीच्या त्याच काठावरची. अर्धी इथे, अर्धी पलीकडे. त्यांची भांडी धड आणि आपलीच का फुटतात? आणि मी स्वतः चाळते माती!"

"मग हौदात आल्यावर काहीतरी पडलं," पक्कडराव म्हणाले.

"पडलं नाही, टाकलं!" थोरलीने हौदामागच्या भिंतीकडे बोट केलं. भिंत छातीएवढी उंच होती आणि तिच्यापलीकडे धाकट्या भावाचं अंगण होतं. "त्याच सुमाराला एकदा भल्या पहाटे मी माडीवरच्या खिडकीत होते. त्या भिंतीवरून हात आला. बरोबर हौदावर. मूठ मिटलेली. ओसरीच्या छपरामुळे पुढचं दिसलं नाही. हात परत गेला तेव्हा मूठ उघडी होती."

पक्कडरावांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरले पायाला चिकटलेली माती अतिशय मन लावून पुसत होते.

"पंच," ते मान वर न करता म्हणाले, "फिर्याद मागे घेतली तर नाही का चालणार? भांडी काय, फुटतातच."

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा हौदात जाऊन उभे राहिले.

ज्याचं नुकसान झालंय, त्यालाच चौकशी नकोय? पक्कडराव विचारात पडले.

३. तोंड उघडा

पक्कडरावांची चौकशीची पद्धत त्यांची स्वतःची होती. ते संशयिताला आधी खुर्चीत बसवायचे. आ वासलेल्या माणसाला थाप रचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिला मान तांबटाचा. मातीची भांडी बदनाम झाली तर फायदा त्याचाच. खपल्यांची बातमी फुटल्यापासून तो बाजारात ओरडतही होता: "तांब्याला कधी खपली निघत नाही हो! मातीचा काय भरवसा!"

"मला दाताचा काही त्रास नाही," तांबट खुर्चीत अंग चोरून म्हणाला.

"अजून नाही," पक्कडराव म्हणाले. "आ करा. थोरल्यांच्या मातीत तुम्ही काही टाकलंत?"

"आंऽ आं!"

"म्हणजे हो?"

"आं-आंऽ!" तांबट जोरजोरात मान हलवू लागला.

"मान हलवू नका, हातात सळई आहे. थोरल्यांच्या घराकडे गेला होतात?"

तांबटाचे डोळे भिरभिरले. पक्कडराव आणखी वाकले. मागच्या दोन दाढांच्या फटीत काहीतरी लाल दिसत होतं. त्यांनी सळईने ते अलगद काढून तळव्यावर घेतलं. विटकरी रंगाची, नखाहून लहान खपली. तिची एक बाजू झिलईमुळे चकाकत होती.

"हे काय?"

तांबटाने तोंड मिटलं. मग त्याने दाराकडे पाहिलं, उठून दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पंच, कुणाला सांगू नका. आमच्या घरी मातीतच शिजतं."

"तुमच्या घरी? तांबटाच्या?"

"आंबट काही शिजवलं की तांबं कळकतं हो. कल्हई लावा, पुन्हा लावा... आमची ही म्हणते, दूध उकळायचं तर थोरल्यांचंच भांडं पाहिजे. तेच आणायला गेलो होतो, तेही घोंगडी पांघरून." तो रडकुंडीला आला. "आता त्याच्या खपल्या पडतात. माझीच दाढ दुखतेय. मी कशाला टाकू चुना माझ्याच दुधात?"

हे पटण्यासारखं होतं. पक्कडरावांनी त्याला सोडून दिलं. आता उरला तो एकच, भिंतीपलीकडचा.

४. धाकट्यांची मूठ

थोरले आणि धाकटे हे दोघे भाऊ एकाच चाकावर वाढलेले. बाप गेल्यावर दोघांनी एकत्र धंदा केला आणि एके दिवशी भांड्याच्या कानावरून त्यांचं फाटलं. थोरले म्हणत, रश्श्याच्या भांड्याला एकच कान हवा, म्हणजे दुसरा हात ढवळायला मोकळा राहतो. धाकटे म्हणत, दोन हवेत, म्हणजे भरलेलं भांडं उतरवताना हात भाजत नाहीत. वाद आठवडाभर चालला. मग अंगणात भिंत आली, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. बायका बोलत, पण भिंतीला उद्देशून.

पक्कडराव गेले तेव्हा धाकटे चाकावर बसले होते. अंगणात चुन्याचं पोतं होतंच. पक्कडराव काही विचारणार, तेवढ्यात घरातून धाकटी आली.

"बरं झालं आलात. माझीही फिर्याद लिहून घ्या!"

"तुमची कसली?"

"जाऊबाईंच्या भट्टीचा धूर आमच्या खुराड्यात येतो. माझ्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात. रोज सकाळी हात घालावा तर एक-दोन कमीच. त्या ठिपक्याठिपक्यांच्या कोंबडीने तर अंडं देणं सोडूनच दिलं. कापून रस्सा केला तिचा."

"धाकटीबाई, इथे माणूस देशोधडीला लागायची वेळ आलीय आणि तुम्ही कोंबड्यांचं काय घेऊन बसलात?" पक्कडराव वैतागले.

चाकावरचं ओलं भांडं एकदम वाकडं झालं. धाकट्यांचा हात हलला होता. त्यांनी निमूटपणे भांडं मोडून मातीचा पुन्हा गोळा केला.

"धाकटे," पक्कडराव म्हणाले, "पहाटे भिंतीवरून एक हात थोरल्यांच्या हौदावर आला होता. वहिनींनी पाहिलाय."

"वहिनींची नजर चांगली आहे," धाकटे म्हणाले.

"म्हणजे तुमचा नव्हता?"

"माझाच होता."

"अहो!" धाकटी ओरडली.

"मुठीत काय होतं? चुना होता?"

"नव्हता."

"मग काय होतं?"

धाकट्यांनी चाक थांबवलं, हात पुसले आणि पहिल्यांदाच पक्कडरावांकडे नीट पाहिलं. "पंच, जागा काढून घ्यायची तर घ्या. गाव सोडायला सांगाल तर सोडू. पण मुठीत काय होतं ते मी सांगणार नाही. दाढ उपटलीत तरी नाही."



५. फडक्यातली खपली

"उद्या निकाल द्यायचाय," घरी आल्यावर पक्कडराव बायकोला म्हणाले. "आणि माणूस हात माझाच म्हणतो, पण मुठीत काय होतं ते सांगत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला दाढ दुखतेय असं वाटतं."

बायकोने लवंग दिली. ती दाढेखाली धरून पक्कडराव फेऱ्या मारू लागले. चुन्याचं पोतं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पण जितका विचार करावा तितकं ते पोतं बिनकामाचं वाटू लागलं. चुन्याची पूड ओल्या मातीत टाकली तर ती दुधात पाणी मिसळावं तशी सगळीकडे मिसळून जाईल. तिचे असे वेगवेगळे ठिपके कशाला राहतील? ठिपके पडलेत म्हणजे मातीत पडली ती पूड नव्हती. कण होते. कडक आणि न विरघळणारे.

"मेल्या माणसाचे दात बघून काय कळणार?" ते एकदम थांबून म्हणाले. "जिवंत दात पाहिजे!"

बायको घाबरली. "कुणाचा?"

"भांड्याचा! भाजलेल्या भांड्यात कण जळून चुना झालेत. न भाजलेल्या भांड्यात ते जसेच्या तसे असतील."

ते तडक थोरल्यांकडे गेले आणि वाळत ठेवलेलं एक कच्चं भांडं मागून घेऊन आले. बायकोने ते घंगाळात पाण्यात बुडवलं. कच्ची माती ती. बघता बघता बसली आणि तिचा चिखल झाला. मग दोघांनी ते सगळं तलम फडक्यातून गाळलं. गढूळ पाणी निघून गेलं. फडक्यावर थोडी वाळू राहिली आणि वाळूत काही पांढरे, पातळ तुकडे.

पक्कडरावांनी चिमट्याने एक तुकडा उचलला. कागदाएवढा पातळ होता, आणि सपाट नव्हता. किंचित बाक होता त्याला. सळईने आतल्या बाजूला खरवडलं तर पापुद्रा सुटून आला.

"दगडाला पापुद्रा नसतो," ते म्हणाले.

बायकोने तुकडा बोटावर घेतला आणि तिला हसू फुटलं. "अहो, हे तर मी रोज केरात टाकते. अंड्याचं कवच आहे हे!"

पक्कडराव खाली बसले. कोंबड्या अंडी देत नाहीत. मिटलेली मूठ. अंड्यावर बंदी. आणि ती गवताची काडी! एवढीशी काडी टोचली तर गाडीवानाचा उद्धार करणारा माणूस, त्याच्या पायाखाली कवचांचा चुरा होतो आणि तो हूं की चूं करत नाही?

"माझी पगडी दे," ते म्हणाले. "आणि तांबटाला निरोप धाड. उद्या भाता घेऊन ये म्हणावं."

६. निकाल

बाजाराच्या छपराखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. एका बाजूला थोरली, मागे तिच्या सावलीत थोरले. दुसऱ्या बाजूला धाकटे, आणि रडून डोळे सुजलेली धाकटी. मध्ये तांबट भाता फुंकत होता. इतक्या लोकांसमोर आपल्याला का बोलावलंय ते त्याला कळलेलं नव्हतं, पण महत्त्व आवडलेलं होतं.

पक्कडराव उभे राहिले. सुजलेल्या गालामुळे त्यांचा चेहरा नेहमीपेक्षा भारदस्त दिसत होता.

"निखाऱ्यांत हे टाका," त्यांनी एक पांढरा तुकडा तांबटाला दिला. तांबटाने निखारे लालभडक, मग पिवळे होईपर्यंत फुंकले. तुकडा बाहेर काढून थाळीत ठेवला, निवू दिला. पक्कडरावांनी त्यावर पाण्याचे थेंब सोडले. तुकडा तडतडला, फुगला आणि बघता बघता त्याचं पीठ झालं. "हात लावून बघा, गरम आहे. याचा चुना झाला. भट्टीत हाच जळला, ओलीने हाच फुगला, आणि यानेच तुमची भांडी आणि माझी दाढ फोडली. थोरल्यांच्या कच्च्या भांड्यातून गाळून काढलाय मी. अंड्याचं कवच आहे हे."

छपराखाली कुजबुज उसळली. थोरली म्हणाली, "अंडं? आमच्या घरी? आमच्या घरात अंड्याचं नाव काढत नाही कुणी!"

"घरात नाही," पक्कडराव म्हणाले. "धाकटीबाई, काल मी तुमची फिर्याद हसण्यावारी नेली, माझं चुकलं. तुमच्या कोंबड्या अंडी देत होत्या. तुमच्याआधी खुराड्यात कुणाचा तरी हात जात होता. तोच हात पुढे भिंतीवरून जायचा." ते धाकट्यांकडे वळले. "चुना नव्हता म्हणालात, ते खरं होतं. आता हात भरलेला जायचा आणि रिकामा परत यायचा, म्हणजे पलीकडे घेणारं कुणीतरी होतं. निकाल द्यायच्या आधी शेवटचं विचारतो. कुणाला काही बोलायचंय?"

धाकट्यांनी खाली मान घातली. "मला नाही."

पक्कडरावांनी मुद्दाम पगडी सारखी केली, घसा खाकरला, पाणी मागितलं.

"मला बोलायचंय," थोरलीच्या सावलीतून आवाज आला. थोरले पुढे आले. "त्याला सोडा. अंडी मी खाल्ली."

थोरलीने वळून पाहिलं. थोरल्यांनी डोळे मिटून घेतले आणि एका दमात सांगून टाकलं. "पहाटे हौदात उभा होतो. पोटात पेज. रिकाम्या पोटी माणूस स्वतःशीच बडबडतो. म्हटलं, एक उकडलेलं अंडं मिळालं असतं तर हा जन्म सार्थकी लागला असता. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवरून हात आला. हातात अंडं. ऊन ऊन."

"मग तुम्ही काय म्हणालात?" पक्कडरावांनी विचारलं.

"काही नाही. आम्ही बोलत नाही ना."

"आणि तो?"

"तोही काही नाही. रोज हात यायचा, मी घ्यायचो, हात जायचा."

"कवचं मातीत का टाकलीत?"

"कुठे टाकू?" थोरले कळवळून म्हणाले. "ही खिसे बघते. केर बघते. आख्ख्या गावात माझी म्हणावी अशी एकच जागा उरली होती, ती माझ्या पायाखालची. तुडवून पीठ केलं की कुणाला कळतंय, असं वाटलं. दगडाचा चुना होतो हे ठाऊक होतं. अंड्याचाही होतो, हे देवाशपथ ठाऊक नव्हतं. पण हात कशाला आला होता, ते ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो." त्यांनी भावाकडे बोट केलं. "हा गाव सोडायला निघाला, तरी माझं नाव घेईना."

"वहिनी रागावल्या असत्या दादाला," धाकटे जमिनीकडे बघत म्हणाले.

थोरली काही बोलणार होती, पण तिच्याआधी धाकटी उठली. "आणि माझी ठिपक्यांची कोंबडी? नाहक गेली बिचारी! रस्सा वाढला तेव्हा दोनदा मागून घेतलात, तेव्हा नाही वाटलं काही?"

"वाईट वाटलं म्हणूनच दोनदा घेतला," धाकटे म्हणाले.

सगळा बाजार हसला. पक्कडरावही हसायला गेले आणि दाढ धरून खाली बसले. जरा वेळाने त्यांनी निकाल सांगितला. दुसऱ्याचा माल नासवला तर शिक्षा आहे. स्वतःचाच नासवला तर नियमात काहीच लिहिलेलं नाही. ज्यांची भांडी फुटली, त्यांना थोरल्यांनी नवी द्यावीत. बाकी शिक्षा काय करायची, ते दोन्ही जावांनी मिळून ठरवावं.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. भिंत आल्यापासून प्रथमच, मध्ये भिंत नसताना.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "हौदात माती किती आहे?"

"पुष्कळ आहे," थोरली सावकाश म्हणाली. "सगळी गाळायला हवी."

७. हौद

पुढच्या आठवड्यात पक्कडराव शिक्षेची अंमलबजावणी बघायला कुंभारवाड्यात गेले. आदल्या दिवशी तांबटाने पकडीने त्यांची दाढ काढली होती, डोळे मिटून, आणि बरीच बरी काढली होती.

गल्लीच्या तोंडाशीच आरडाओरडा ऐकू आला. पक्कडराव धावत अंगणात शिरले. थोरले आणि धाकटे हौदाच्या दोन कडांना बसले होते, आणि मध्ये एकच फडकं, दोघांनी दोन टोकांना धरलेलं.

"अरे, पिळू नकोस! हलव! पिळलंस की कवचं खाली जातात!"

"दादा, हलवून हलवून दिवाळी उजाडायची वेळ आली. पिळल्याशिवाय चिखल उतरत नाही!"

"तुला कुणी शिकवलं रे?"

"तूच शिकवलंस! चुकीचं शिकवलंस!"

"मी? मी चुकीचं?" थोरल्यांनी फडकं असं ओढलं की धाकटे कमरेपर्यंत हौदात गेले. वर येताना त्यांनी भावाचा पाय धरला, आणि तोही आत आला. दोघे चिखलात बसून एकमेकांच्या सात पिढ्या काढू लागले, त्या अर्थातच दोघांच्या एकच होत्या.

थोरली आणि धाकटी ओसरीच्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. थोरल्यांना आता रोज एक अंडं ताटात, सगळ्यांसमोर मिळत असे. वैद्याला थोरलीने स्वतः जाऊन गप्प केलं होतं. दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर चिंता दिसत नव्हती. थोरली तर भिंतीला पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून ऐकत होती.

पक्कडराव घाईघाईने पगडी सावरत पुढे झाले. "मी आहे ना पंच! थांबा, आत्ता मिटवतो."

"खबरदार!" थोरली डोळे न उघडता म्हणाली. धाकटीने सरकून पायरीवर जागा केली, आणि पक्कडराव मुकाट्याने तिथे बसले.